जळगाव-धुळे वापराला डिझेल की हायब्रिड, प्रदूषण कुणाचं कमी?

प्रश्न: रोज जळगाव शहरात, आठवड्यातून एकदा धुळे. बीएस-६ (सरकारी प्रदूषण मर्यादा पाळणारी) डिझेल घ्यावं की स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर, दोन्हीवर चालणारी)? आपल्या दीपनगरच्या वीज केंद्राची वीज कोळशाची, मग हायब्रिडचा फायदा काय?

उत्तर १: दीपनगरचा इथे संबंधच नाही भाऊ. स्ट्राँग हायब्रिड चार्जिंगला लावत नाहीत, बॅटरी इंजिन आणि ब्रेकवरच भरते. लिटरभर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो सीओटू (कार्बन डायऑक्साइड), पेट्रोलचं २.३१. डिझेलने २० चं अ‍ॅव्हरेज दिलं तर किमीला १३४ ग्रॅम. हायब्रिडने शहरात २४ दिलं तर ९६. हायवेला ही तफावत बरीच आटते.

उत्तर २: नुसता सीओटू नका बघू. बीएस-६ मध्ये नॉक्सची (धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू) मर्यादा डिझेल कारला किमीला ८० मिग्रॅ, पेट्रोलला ६०. शिवाय गावातल्या तीन-चार किमीच्या फेऱ्यांत डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) पुरता तापतच नाही, काजळी साचते. डीपीएफचा दिवा लागला की १५-२० मिनिटं साठच्या वर एकसारखी पळवा, म्हणजे काजळी जळून जाते. काजळी जळत असताना गाडी सारखी मध्येच बंद केली तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसेल.

उत्तर ३: बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरीच्या हवेची जाळी असते. मे महिन्यात, धुळीत ती तुंबली की बॅटरी तापते आणि इंजिन जास्त चालतं. तिथे पिशव्या ठेवू नका.