गॅस व्हॉल्व्ह मागवण्याआधी
गॅस फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या यंत्राचा) बर्नर पेटून काही सेकंदांत विझतो, या तक्रारीवर कुणीतरी थेट गॅस व्हॉल्व्ह (गॅस सोडणारी-तोडणारी झडप) बदलायचा सल्ला दिलाय, तो घाईचा वाटतो. आधी फ्लेम सेन्सर बघा, म्हणजे ज्योत लागली का ते ओळखणारी धातूची सळई. त्या सळईतून ज्योतीमार्फत जेमतेम काही मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. सळईवर थर चढला की कंट्रोल बोर्डाला (यंत्र चालवणाऱ्या सर्किटला) ज्योत 'दिसत' नाही आणि तो गॅस तोडतो. वीज आणि गॅस दोन्ही बंद करून सळई बारीक स्टील वूलने हलकेच घासा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

पार्ट लागलाच तर नेमप्लेटवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत विक्रेत्याला कळवा (नुसतं 'पाच टनी युनिट' सांगून काही होत नाही), कारण एकाच मॉडेलमध्ये मधेच बोर्ड बदललेले असतात. मोटरचा कपॅसिटर मात्र कुठल्याही कंपनीचा चालतो. मायक्रोफॅरड (त्याच्या क्षमतेचा आकडा) जुन्याचेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त हवं.