कुंडीतली पानं पिवळी का पडतात? नाशिककरांचे अनुभव

पाऊस उघडला की आपल्याकडे गच्चीगच्चीवरून एकच तक्रार ऐकू येते, पानं पिवळी पडली. उत्तरही ठरलेलं असतं, "खत घाला." या सरसकट उत्तरापायी चांगली झाडं जाताना बघवत नाहीत, म्हणून हा धागा. पिवळेपणाची कारणं बरीच आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. लिहिताना एवढं जरूर सांगा: आधी पिवळं कुठलं पान पडलं, खालचं जुनं की शेंड्याचं कोवळं? शिरा हिरव्या राहिल्या का? पाणी नळाचं की बोअरचं? औषध कुठलं घातलं, हे त्यानंतर.

सुरुवात माझ्या मोगऱ्यापासून करते.

इंदिरानगर, मोगरा

खालची पानं गर्द हिरवी, शेंड्याची पिवळीजर्द आणि त्यात शिरांची हिरवी जाळी. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. झाडात लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, त्यामुळे तुटवडा पडला की नव्या पानाला जुन्याकडून काही मिळत नाही. कमतरता म्हटलं की मातीत लोहच नाही असं वाटतं, पण आपल्या काळ्या मातीत ते भरपूर असतं. तिचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क याचं माप; सातच्या वर अल्क) मात्र साधारण साडेसात ते साडेआठ, आणि तेवढ्या सामूला मुळांना लोह उचलता येत नाही. त्यात आमच्या सोसायटीत बोअरचं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी. कुंडीच्या बाहेरून पांढरा थर चढलेला दिसला तेव्हाच शंका आली. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकलं, तर फेस आला. फेस आला की मातीत चुनखडी आहे असं समजायचं.

कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, मागितलं तर बहुधा ईडीटीए प्रकारचं हातात देतात, ते स्वस्तही असतं. पण साडेसहाच्या वरच्या सामूला ते मातीत टिकत नाही, फवारणीला ठीक. चुनखडीच्या मातीत घालायचं तर ईडीडीएचए लिहिलेलं मागून घ्यावं. महाग आहे, पण कुंडीला चिमूटभरच लागतं. मी तेच पाण्यात विरघळवून दिलं आणि राख, अंड्याची टरफलं, चुना असलं काहीही या कुंडीत पडू द्यायचं नाही असं घरात सांगून ठेवलं. त्यानंतर फुटलेली पालवी हिरवी आली. पावसाळाभर गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवते आणि ते पाणी मोगऱ्यासाठीच राखते.

मखमलाबाद, द्राक्षबाग आणि दारातल्या कुंड्या

ताई, बरोबर ओळखलंत. आम्हा बागाईतदारांना हे दर हंगामाचं आहे. चुनखडीच्या रानात वेलीचे शेंडे असेच पिवळे पडतात. दोन गोष्टींची भर घालतो. फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, नुसता मातीत टाकला तर चुन्यात अडकून बसतो, मुळाला काही मिळत नाही. आम्ही तो शेणखतात मुरवून देतो किंवा फवारतो. बागेला लिटरला ५ ग्रॅमपर्यंत जातो, कुंडीतल्या कोवळ्या पानाला २ ग्रॅम पुरे, वर लिंबाचा थोडा रस. द्रावण ताजं करायचं आणि ऊन उतरल्यावर मारायचं. खाली फरशी असेल तर आधी गोणपाट अंथरा, तांबडे डाग पडले की निघत नाहीत.

दुसरं, चुनखडीची माती सतत ओली राहिली तर हे पिवळेपण आणखी वाढतं. संततधारेनंतर शेंडे पिवळे दिसले तर लगेच औषध ओतू नका. आधी वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहू द्या. पुष्कळदा नवीन पान आपोआप सुधारतं.

गंगापूर रोड, कढीपत्ता

आधीचे भाडेकरू जाताना एक मोठी कुंडी ठेवून गेले. ऑगस्ट महिना, पानं खालपासून वरपर्यंत फिकट पिवळी आणि मलूल. बघणाऱ्याला वाटावं की तहानलेलं आहे. पण बोट खुपसलं तर माती चिखल आणि तिला आंबूस वास. मुळं कुजायला लागली की पाणी वर चढत नाही, म्हणून झाड ओल्या मातीत उभं राहूनही सुकतं. माणसं अशा वेळी आणखी पाणी घालतात, इथेच झाड जातं.

कुंडी आडवी केली तर तळाचं भोक मुळांनी आणि चिकट मातीने गच्च बंद. काळी पडलेली बुळबुळीत मुळं कात्रीने काढली, पांढरी तेवढी ठेवली आणि लहान कुंडीत लावलं. निम्मी पोयटा माती, बाकी जाडी वाळू आणि जुनं गांडूळखत. कोकोपीट मुद्दाम टाळलं, पावसाळ्यात ते पाणी धरून बसतं. वरच्या फांद्याही छाटल्या, कारण थोड्या मुळांना तेवढा पसारा झेपत नाही. सावलीत ठेवलं आणि नवी फूट दिसेपर्यंत खताचा दाणाही दिला नाही. दसऱ्याच्या सुमारास फोडणीपुरती पानं मिळायला लागली.

सिडको, अडेनियम

डिसेंबरात पारा १० अंशांखाली गेला की माझ्या अडेनियमची पानं पिवळी होऊन गळतात. खोड दाबून बघते, टणक असेल तर निश्चिंत. पाणी अगदी कमी करायचं. फेब्रुवारी संपता संपता पालवी येतेच.

सातपूर, गुलाब

एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेजारची कुंडी. पान सगळं पिवळं नव्हतं, सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके होते. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटकली तर ठिपके कागदावर चालायला लागले. लाल कोळी! कोरड्या उन्हाळ्यात हा हमखास येतो, आणि पानाच्या खालच्या बाजूला राहतो म्हणून वरून बघणाऱ्याला सापडत नाही. रोज सकाळी पाइपने पानांच्या खालून जोरात पाणी मारलं, संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, थोडा पातळ साबण घालून. ही फवारणी आठवड्याने पुन्हा केली. आमच्याकडे बागांमुळे गंधक घरोघरी असतं आणि ते कोळीवर चालतंही, पण भर उन्हाळ्यात मारलं तर पानं भाजतात. तेल फवारल्यावर लगोलग तर मुळीच नको.

नाशिकरोड, तुळस आणि शेवंती

पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी, आणि मातीवर मिठासारखी साय. आमच्या इमारतीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालायची पद्धत आहे. पाणी वाचवण्याची कळकळ मला पटते, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला, संडास धुवायला वापरा. कुंड्यांना मी नळाचं पाणी खालून भरपूर निघेपर्यंत घातलं, निथळू दिलं आणि पुन्हा घातलं. तुळस सावरली. शेवंती गेली.

पंचवटी, जास्वंद

आजीच्या पूजेची जास्वंद, कुंडीत बरीच वर्षं. खालची पानं एकेक करून सारखी फिकी पडत होती, शिरांसकट, आणि फूल लहान. हे नत्र (नायट्रोजन) कमी पडल्याचं. नत्र झाडात फिरतं, म्हणून झाड जुन्या पानातलं काढून शेंड्याला देतं. इथे मात्र खत घालणंच योग्य. पण आधी मुळांचा गुंता सोडवून माती बदलली, नाहीतर खताला जागाच नव्हती. मग महिन्यातून एकदा भुईमुगाच्या पेंडीचं भिजवलेलं पाणी, दहापट पातळ करून.

देवळाली कॅम्प, कुंडीतलं लिंबू

माझं यांपैकी कशातच बसत नाही. पिवळी पानं जुनी आहेत, पण शिरांमधला भाग पिवळा आणि देठाकडे हिरवा त्रिकोण राहिलाय. केळीच्या सालींचं पाणी नेमाने घालतो.

इंदिरानगर

काका, तो हिरवा त्रिकोण मॅग्नेशियमची कमतरता सांगतो. केळीच्या सालींत पालाश (पोटॅशियम) असतं, आणि पालाश जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम कमी घेतात. ते पाणी सध्या थांबवा. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरवड्याने पुन्हा. फार पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. त्यांच्या वरच्या पानांत तोच त्रिकोण उमटतोय का, तेवढं बघून इथे लिहा.