मदत हवी आहे: पोकेमॉन युनाइटमध्ये सगळ्यात तगडे कोण? (मंडळाची स्पर्धा तोंडावर आली आहे)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

प्रश्न तसा साधा आहे, पण आमच्या पाच डोक्यांत पाच उत्तरं आहेत म्हणून इथे विचारतोय. आमच्या पेठेतल्या मंडळाने यंदा गणपतीत रांगोळी, पाककला आणि संगीत खुर्चीच्या जोडीला पोकेमॉन युनाइटची (मोबाइलवरचा पाच विरुद्ध पाच खेळ, जास्त गोल-गुण करणारा संघ जिंकतो) स्पर्धा ठेवली आहे. पाच जणांचा संघ, तीनपैकी दोन सामने जिंकणारा पुढे.

नियम मंडळाचेच आहेत. सामन्याआधी दोन्ही संघ प्रत्येकी दोन पोकेमॉन बॅन करणार, म्हणजे ते त्या सामन्यात कुणालाच घेता येणार नाहीत. मग आळीपाळीने पिक, म्हणजे निवड: पहिल्या संघाचा एक, मग दोन-दोन, शेवटी एक. एकाने घेतलेला दुसऱ्याला नाही. हे सगळं मांडवात बसून कार्यकर्ते वहीत लिहून घेणार आणि नंतर खेळात रूम (खासगी सामना) लावणार. (कुणी वेगळाच पिक लॉक केला तर सामना बाद. वर्गणीच्या पावत्या फाडणारे काका पंच आहेत, तिथे वाद चालत नाही.)

आमचा संघ असा आहे. मी अटॅकर (लांबून मारणारा), बहुतेक वेळा सिंडरेस, नाहीतर पिकाचू. रूम पार्टनर स्पीडस्टर (झडप घालून पळणारा) खेळतो. ॲबसॉल, झेराओरा, टॅलनफ्लेम सगळं येतं, पण जंगल (मैदानाचा मधला भाग) सोडून कुठे जात नाही. साताऱ्याचा मित्र स्नॉरलॅक्स घेतो, कारण टँक (पुढे राहून मार झेलणारा) कुणालाच नको होता. आता आमच्यात तोच सगळ्यात शांत डोक्याने खेळतो. मावसबहीण ब्लिसी आणि एल्डेगॉस हे सपोर्ट (साथीदारांना सांभाळणारे) खेळते. बारावीला आहे, मावशीने रोज रात्री तासभराचीच परवानगी दिली आहे. पाचवा ढोल पथकात आहे. नदीपात्रातला सराव संपवून घरी येतो तेव्हा त्याच्या बोटांना पट्ट्या असतात, त्या हातांनी लुकारिओ नाहीतर चॅरिझार्ड.

घोळ टियर लिस्टचा, म्हणजे ताकदीप्रमाणे लावलेल्या यादीचा आहे (एस सगळ्यात वर, मग ए, बी). यूट्यूबवर एका माणसाच्या यादीत जो एस टियरमध्ये, तो दुसऱ्याच्या यादीत बी टियरमध्ये. रूम पार्टनर म्हणतो, वरच्या पाचांना घ्या आणि खेळा. बहीण म्हणते, मग मी घरीच बसते.

कुणी अनुभवी माणूस सध्याची खरी यादी देईल का? आणि दोन बॅन कुणावर घालवावेत?

प्रतिसाद १

पाककलेत भाग घ्या. तिथे बॅन नसतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला शंभर मार्क, पण आता कामाचं बोलू.

मी हिंजवडीत नोकरी करतो आणि आधी मोबाइल लेजंड्स हा असाच खेळ खेळायचो. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात तो गेला. सप्टेंबरात त्याच जातीचा अरेना ऑफ व्हॅलरही गेला. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात युनाइट मोबाइलवर आला तेव्हापासून इथे आहे. टियर लिस्टवरून भांडणं मी तीन गेममध्ये पाहिली आहेत आणि भांडणाचं कारण दर वेळी तेच असतं: यादी कुणी, कुणासाठी केली हे कुणी बघत नाही.

यूट्यूबवरच्या बहुतेक याद्या सोलो रँक (एकट्याने क्रमवारीचे सामने) खेळणाऱ्यासाठी असतात. अनोळखी चार जण सोबत असताना एकट्याच्या जोरावर सामना कोण ओढून नेईल, हा त्यांचा प्रश्न. तुमचा प्रश्न तो नाहीच. तुम्ही पाच जण एका सतरंजीवर बसून एकमेकांना ओरडून सांगू शकता. मग यादी उलटीपालटी होते.

कॉमफीचंच उदाहरण घ्या. ती साथीदाराच्या अंगाला चिकटून त्याला बळ देते. अनोळखी माणसाला चिकटली आणि तो सरळ पाच जणांत घुसला, तर दोघांची माती. पण ज्यांचं एकमेकांशी जमतं अशा दोघांच्या हातात तीच कॉमफी डोकेदुखी होते. हूपाचंही तसंच. हायपरस्पेस होल उघडल्यावर त्यात शिरायचं की नाही हे साथीदारांना कळलं तर सोनं, नाहीतर दरवाजा उघडा ठेवून हूपा एकटाच उभा. स्लोब्रो स्लोबीमने एका शत्रूला जागच्या जागी धरून ठेवतो. त्या क्षणी बाकीचे चौघे तिथे पोचले नाहीत तर त्याला काही अर्थ नाही. असे पोकेमॉन सोलोच्या यादीत खाली दिसतात आणि तुमच्यासारख्या संघात वर येतात.

दुसरं म्हणजे यादीची तारीख बघा. आज ज्याला बफ मिळाला (ताकद वाढवली) त्याला पुढच्या अपडेटमध्ये नर्फ मिळतो (ताकद कमी करतात). २०२३ मध्ये झेशियन आला तेव्हा त्याच्यासमोर उभं राहायची सोय नव्हती. मग एकामागून एक अपडेटमध्ये त्याची ताकद कमी करत आणली. तेव्हाचा व्हिडिओ बघून आज कुणी बॅन वाया घालवू नका. म्हणून मी तुला अ ब क ड अशी यादी देणार नाही, गणपती येईपर्यंत ती शिळी होईल.

प्रतिसाद ३

मला हा खेळ येत नाही. माझा मुलगा खेळतो, त्याने हा धागा दाखवला. मी संख्याशास्त्र शिकवत असे, त्यामुळे विन रेटबद्दल (शंभरातले किती सामने जिंकले) दोन शब्द.

याद्यांमध्ये ‘५५ टक्के विन रेट’ असं ठळक लिहिलेलं असतं. किती सामन्यांत, ते बघा. शंभर सामन्यांतून काढलेल्या आकड्यात पाच टक्क्यांची चूक इकडेतिकडे सहज होते. म्हणजे खरा दर ५० असला तरी नुसत्या योगायोगाने ५५ दिसू शकतो. दहा हजार सामने असतील तर हीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते, आणि तेव्हा मात्र ५३ सुद्धा पुष्कळ म्हणायचा. चूक किती असेल याचा अंदाज हवा असेल तर ५० ला सामन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा.

याहून मोठी फसगत दुसरीकडे आहे. जो पोकेमॉन फार थोडे लोक घेतात, तो घेणारे बहुधा त्यातले पटाईत असतात. त्यांचा विन रेट जास्त दिसतो तो खेळाडूंमुळे. आणि जो सगळ्यांच्या आवडीचा आहे, उदाहरणार्थ पिकाचू, तो नवशिके पण घेतात, म्हणून त्याचा दर पडतो. मुलगा म्हणतो पिकाचूला नेम फारसा धरावा लागत नाही. मग दर खाली दिसला तरी तुमच्यासाठी तो वाईट ठरत नाही.

विन रेटच्या शेजारी पिक रेट (किती जण तो घेतात) लिहिलेला नसेल तर ती यादी मिटून ठेवा.

प्रतिसाद ४

बारावीच्या मुलीला असल्या स्पर्धेत ओढताय, कमाल आहे. आमच्या वेळी गणपतीत नाटकं व्हायची.

प्रतिसाद ५

@४: काका, नाटकं अजून होतात, तालमी बघायला या. आणि हा खेळ २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेत पदकांच्या यादीत आहे. हांगझोउला २०२३ मध्ये ईस्पोर्ट्सला पहिल्यांदा अधिकृत पदकं मिळाली. तिचा अभ्यास तिची आई बघते आहे, तासाची मर्यादा वर लिहिलीच आहे.

आता धागाकर्त्याला. मी सपोर्ट खेळते, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, वाटू दे. तुमच्या संघाची सगळ्यात जमेची बाजू ती मावसबहीण आहे आणि तुम्ही चौघे तिला विचारतच नसाल अशी मला दाट शंका आहे.

हा सामना दहा मिनिटांचा. शेवटच्या दोन मिनिटांत गोल दुप्पट मोजले जातात आणि त्याच वेळी मधोमध मोठा पोकेमॉन उगवतो. पूर्वी झॅपडॉस होता, नंतरच्या मैदानात रेक्वाझा आला. आठ मिनिटं पुढे असलेला संघ तिथे एक मारामारी हरला की सामना घालवतो. म्हणून मी पोकेमॉन निवडताना एकच विचारते: या शेवटच्या मारामारीत हा काय करणार? स्नॉरलॅक्स ब्लॉकने समोरच्यांना मागे रेटतो, म्हणजे त्या मोठ्या पोकेमॉनवरचा शेवटचा फटका चोरायला कुणी आत येत नाही. ब्लिसी नेमकी मरायला टेकलेल्या सिंडरेसला वाचवते. सिंडरेस लांबून सतत मारतो, पण अंगाने नाजूक. हे तिघं एकमेकांसाठीच केलेत. तुमच्याकडे ते आधीपासून आहेत आणि तुम्ही यादी शोधत फिरताय!

बहिणीला एक्स्प. शेअर ही वस्तू लावायला सांगा. तिची लेव्हल मागे राहिली तरी तिला आपोआप अनुभव मिळत राहतो आणि लेनमधले (कडेच्या वाटेवरचे) जंगली पोकेमॉन मारून तुझा सिंडरेस लवकर वाढतो. तू मात्र तिच्या पुढे दहा पावलं पळू नकोस. आणि तुझ्याकडे इजेक्ट बटन (क्षणात उडी मारून निसटायची वस्तू) नसेल तर आजच लाव.

धागाकर्ता

@५: ताई, शंका खरी आहे. बहिणीला हा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलाय. आता आमचं काही खरं नाही.

एक अडचण राहिली. लायसन्स (एखादा पोकेमॉन वापरायचा परवाना) सगळ्यांकडे सारखी नाहीत. साताऱ्याच्या मित्राकडे स्लोब्रो आहे, पण त्याने तो क्वचितच घेतलाय. आणि त्याचा फोन जुना, गर्दीच्या फाइटमध्ये अडखळतो. शिवाय पिकचा क्रम कसा ठेवायचा? रूम पार्टनर रँकमध्ये सगळ्यात आधी लॉक करतो, इथेही त्याला पहिला नंबर हवाय.

प्रतिसाद २

अजिबात देऊ नकोस. क्रमाचा हिशोब असा: ज्याच्याकडे पर्याय कमी, त्याचं आधी. बहिणीला दोनच येतात आणि त्यातली ब्लिसी समोरच्या संघालाही हवी असणार. ती आधी घ्या. स्नॉरलॅक्स तिच्या सोबत. हे दोघं कुठल्याही संघात बसतात, त्यामुळे पुढे तुम्ही काय करणार हे समोरच्याला कळत नाही. रूम पार्टनरला तीन स्पीडस्टर येतात ना? मग तो सगळ्यात शेवटी. समोर काय आहे ते बघून तिघांतला एक घेईल. त्याला सांग, शेवटचा पिक हा मान आहे, ऐकेल.

ढोलवाला मधे. समोर नाजूक अटॅकर दोन असतील तर लुकारिओ, नाहीतर चॅरिझार्ड. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी खेळायचं असेल तर जो हातात बसलाय तोच दे त्याला, नवीन काही नको.

बॅनचं. सगळ्यात तगड्याला बॅन करायची सवय सोडा. तुमच्या पाचांना ज्याचं उत्तर येत नाही, त्याला बॅन करा. तुमचा सगळा डोलारा सिंडरेस जिवंत राहण्यावर आहे, तेव्हा त्याच्यावर झडप घालणारा एक स्पीडस्टर उडवायचा. पण झेराओरा उडवलात तर तो तुमच्या रूम पार्टनरचाही गेला. म्हणून त्याला विचारा की तिघांतला कुठला त्याला सगळ्यात कमी जमतो, आणि तोच बॅन करा. दुसरा बॅन पेठेतल्या माहितीवर ठेवा. समोरच्या संघात कुणी नवरा-बायको किंवा सख्खे भाऊ कॉमफीची जोडी लावून खेळत असतील, तर यादीत ती कुठेही असो, वहीत तिचंच नाव लिहायचं.

जुन्या फोनचं: ग्राफिक्स सगळ्यात खाली आणा, फ्रेम रेट बघा, बाकीची ॲप बंद करा. आणि म्हणूनच स्नॉरलॅक्स त्याच्याकडे बरोबर आहे. अर्धा सेकंद अडखळला तरी तो मरत नाही. त्या फोनवर स्लोब्रो नको, स्लोबीमची वेळ चुकली की गेला.

प्रतिसाद ६

मांडवात नेट कसं आहे ते आधी बघून या. विसर्जनाच्या आसपास पेठांमध्ये गर्दी वाढली की मोबाइल नेटवर्कचे हाल होतात, आणि पाच जण एकाच हॉटस्पॉटवर बसलात तर पिंग (नेटला लागणारा वेळ) उड्या मारतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. आणि चार्जर स्वतःचे न्या, मंडळाचं एक्स्टेंशन लायटिंगला लागलेलं असतं.

प्रतिसाद ३

मुलगा विचारतोय की एल्डेगॉस कधी घ्यायचा ते कुणी सांगितलं नाही.

प्रतिसाद ५

ब्लिसी गेली तर. किंवा बहिणीला वाटलं तर. तिला विचारा की!

धागाकर्ता

विचारलं. ती म्हणाली, समोर जवळून मारणारे जास्त असतील तर एल्डेगॉस, कारण लांब राहून कामं होतात. आणि सिंडरेस ‘सारखा मरायला पुढे जात असेल’ तर ब्लिसी. म्हणजे ब्लिसीच.

काल रात्री हा क्रम लावून खेळून बघितलं. रूम पार्टनरने शेवटचा पिक घेतला, आधी तोंड पाडून, मग समोर दोन अटॅकर दिसल्यावर ॲबसॉल घेऊन खुश होऊन. बॅनसाठी टॅलनफ्लेम ठरला, तो त्याला तिघांत सगळ्यात कमी जमतो हे त्याने बरंच आढेवेढे घेऊन सांगितलं. दुसरा बॅन रिकामा ठेवलाय. शेजारच्या आळीतला संघ काय खेळतो याची खबर काढायचं काम ढोलवाल्याकडे आहे, त्याच्या पथकातच त्यांचे दोघं आहेत.

आता सरावाला समोर संघ हवाय. येत्या शनिवारी रात्री नऊला रूम लावतो, बहिणीचा तास तेव्हाच असतो. समोर खेळायला इथून कुणी पाच जण तयार असतील तर सांगा. त्यात एक तरी स्लोब्रो किंवा कॉमफी घेणारा असावा, आम्ही त्यांच्यासमोर अजून खेळलेलो नाही.

प्रतिसाद १

मी येतो. कॉमफी माझी. बायकोला पण विचारतो, ती चॅरिझार्ड खेळते.