काटशह म्हणजे नक्की काय?

बोर्डसात: परवा बुद्धिबळ लीगची मॅच होती (इकडे इंग्लंडात क्लबांच्या टीम लीग असतात, दिवसभर हापिस करून संध्याकाळी सातला चर्च हॉलमध्ये नाहीतर पबच्या माडीवर जमायचं), आठ बोर्ड (म्हणजे टीमचे आठ खेळाडू), मी सातव्यावर. स्कोअर साडेतीन-साडेतीन, फक्त माझा डाव उरलेला आणि मी किल्लेकोटच (राजा-हत्तीची एकत्र चाल, राजाला कोपऱ्याकडे नेणारी) केला नव्हता, राजा ई१ वर. समोरच्याने ई८ च्या हत्तीने शह दिला. मी जी३ चा उंट ई५ ला मध्ये घातला आणि त्याच्या एच८ च्या राजालाच शह बसला, मधलं त्याचं जी-प्यादं केव्हाच गेलेलं. घरच्या ग्रुपवर लिहिलं "काटशह दिला!" तर भाऊ म्हणे हा राजकारणातला शब्द, पटावर कुठे असतो?

अडीचघर: पटावरूनच तर राजकारणात गेला! शह म्हणजे फारसी शाह, राजा. आलेला शह काटता काटता उलटा दिलेला शह तो काटशह. पेपरवाले कुठल्याही उलट डावाला काटशह म्हणतात, तिथे कोणाचा राजा अडकलेला नसतो. मला ते खटकतं.

बिनजोर: खटकायचं काय त्यात, शब्द फिरतातच की. माझी शंका वेगळी. तो उंट हलला असता तर तुमच्याच राजाला शह, म्हणजे उंट बांधलेला. मग त्याचा शह धरायचा?

बोर्डसात: धरायचा, फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटना) नियमच आहे. बांधलेलं मोहरंही शह देतं. आणि उंटाला एफ३ च्या घोड्याचा जोर होता, त्याने घाईत हत्तीने उंट मारला, मी घोड्याने हत्ती. एवढं करून शेवटी बरोबरीच, मॅच चार-चार. कॅप्टन काही बोलला नाही, चेहऱ्यावर दिसत होतं.

अडीचघर: आमचे आजोबा देशी नियमाने खेळायचे, त्यात राजाला एकदाच घोड्याची चाल मिळायची, पण त्याआधी शह बसला की ती गेली. म्हणून नुसता शहही महाग पडायचा.

बिनजोर: बरं, शह चुकवायला राजा स्वतःच बाजूला सरकला आणि मागच्या हत्तीचा शह बसला तर? त्याला उठता शह म्हणतात ना?

अडीचघर: उठताही आणि काटशहही.