आधी इंजिन हाताने फिरवून बघा

पाच वर्षं उभी असलेली पोर्शे ९४४ स्वस्तात मिळतेय आणि मालक म्हणतो "फक्त फ्युएल पंप गेलाय". तेवढंच असतं तर पंप बदलून, चालू गाडी म्हणून त्याने जास्त पैशांना विकली नसती का?

बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नका. या इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा रबरी पट्टा) तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) बेल्ट वेगळा असतो. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तरी तेच. वर्षानुवर्षं ताणलेल्या जुन्या रबरावर भरवसा ठेवू नये. आधी कव्हर काढून बेल्ट जागेवर, धड आहे का ते बघा. मग स्पार्क प्लग काढून क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा आणि पूर्ण दोन फेरे सावकाश फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, किंमत पाडा. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) नवा बेल्ट चढवल्यावरच.

क्लचही विचारा. गिअरबॉक्स मागे असल्यामुळे क्लचसाठी ट्रान्सॲक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं एकत्र युनिट) आणि त्याला इंजिनशी जोडणारी टॉर्क ट्यूब हलवावी लागते. क्लच प्लेट स्वस्त, मजुरी रडवते.

सिल (दारांखालच्या बॉडीच्या पट्ट्या) कुजले असतील किंवा कागदपत्रं अपुरी असतील, तर माझ्या मते विषय संपला. इंजिन दुसरं मिळेल, या गोष्टींचं तसं नाही.

आणि हो, रोज लागणारी गाडी दुसरी आहे ना? माझी पहिली 'प्रोजेक्ट' (दुरुस्त करायला घेतलेली गाडी) दोन वर्षं जॅकवर होती, कारण मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.