उत्तर: व्हिक्टोरियन काळातल्या सुताराच्या बायकोचं माहेर कसं शोधायचं?

लग्नाचा दाखला मिळाल्याशिवाय तिचं माहेरचं आडनाव कळणारच नाही, असं या प्रश्नावर आधी कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. आधी मुलांच्या जन्मनोंदी बघा. इंग्लंड-वेल्सच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या (जन्म-मृत्यू-लग्नांच्या नोंदी ठेवणारं सरकारी कार्यालय) ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७पासून दिलंय, आणि शोधायला पैसे पडत नाहीत. जुन्या छापील सूच्यांमध्ये ते १९११पासूनच येतं, म्हणून बरेच जण आशाच सोडतात.

मुलाचा दाखला मागवलात तर आईचा रकाना नीट वाचा. बाईचं हे दुसरं लग्न असेल तर तिथे पहिल्या नवऱ्याचं आडनावही सापडतं. माझ्या शोधातल्या लोहाराच्या बायकोची लग्ननोंद त्याच आडनावाखाली निघाली. माहेरच्या नावाने शोधत बसले असते तर जन्मात हाती लागली नसती.