इंजिन ट्रीटमेंट आणि इंजेक्टर क्लीनर यांचा खरोखर उपयोग होतो का? सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक असून ती ८४,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा तेथील सल्लागारांनी ऑइलमध्ये टाकायची ‘इंजिन ट्रीटमेंट’ आणि पेट्रोलच्या टाकीत ओतायचे ‘इंजेक्टर क्लीनर’ या दोन बाटल्या घेण्याचा फार आग्रह केला. वर्षभरात ॲव्हरेज १७ वरून १५ वर आले आहे आणि थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर काही सेकंद टॅपेटसारखा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा टकटक) आवाज येतो, म्हणून निर्णय राखून ठेवला आहे. या बाटल्या घ्याव्यात का? आणि उरलेली ट्रीटमेंट भावाच्या मोटरसायकलमध्ये टाकली तर चालेल का?

जुना फिटर:
ट्रीटमेंट घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. इंजिन ऑइल म्हणजे नुसते तेल नसते. त्यात मळ धुणारी, काजळी तरंगत ठेवणारी, फेस रोखणारी आणि झीज कमी करणारी रसायने कंपनीने मोजून घातलेली असतात, आणि त्यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही हे इंजिनावर तपासूनच त्या तेलाला दर्जा मिळतो. झीज रोखणारे झिंक-फॉस्फरसचे संयुगच पाहा. ते जास्त झाले तर फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ लागतो, म्हणूनच ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा) तेलांत फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवलेली आहे. वरून ओतलेली बाटली हा हिशेब बिघडवू शकते.

इंजिनाच्या आत टेफ्लॉनचा थर बसवण्याचा दावा करणाऱ्या ‘स्लिक ५०’ या ट्रीटमेंटच्या जाहिराती एके काळी फार गाजल्या होत्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांवर कारवाई केली आणि १९९७ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला असे निराधार दावे थांबवावे लागले.

फ्लशबाबतही, म्हणजे इंजिन आतून धुण्यासाठी जुन्या तेलात ओतायच्या द्रव्याबाबतही, सावध राहा. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या डिझेल गाडीत दुसरीकडे फ्लश टाकल्यावर वर्षानुवर्षे साचलेला चिखल सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला आणि ऑइल प्रेशरचा दिवा लागला. मालकाने तत्काळ इंजिन बंद केले म्हणूनच बेअरिंग वाचली. तुमच्या गाडीचा आवाज काही सेकंदांत थांबत असेल, तर आधी डिपस्टिकवर पातळी पाहा आणि पुस्तिकेतील ग्रेडचेच तेल भरले आहे याची खात्री करा. तरीही आवाज राहिला, तर टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे टॅपेटमधील फट, तपासून घ्या.

घाटवाट:
ऑइलबाबत वरील मताशी मी सहमत आहे, मात्र इंजेक्टर क्लीनरला सरसकट निरुपयोगी म्हणणे योग्य होणार नाही. ज्यात पॉलिइथरअमाइन हे साफ करणारे रसायन पुरेशा प्रमाणात असते, ते क्लीनर इंजेक्टरच्या तोंडावरचा आणि दहनकक्षातला साठा खरोखर विरघळवते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत मात्र पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळे तिथला कार्बन टाकीत ओतलेल्या कोणत्याही द्रव्याने निघत नाही.

पण तुमच्या ॲव्हरेजचे कारण निराळे असावे, असे मला वाटते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणाची ऊर्जा जवळपास ७ टक्क्यांनी घटते. ही तूट कोणतीही बाटली भरून काढू शकत नाही. तुमची घट सुमारे १२ टक्के आहे, म्हणजे उरलेल्या भागासाठी टायरमधील हवा, एअर फिल्टर, प्लग आणि धरून राहणारे ब्रेक या क्रमाने तपासणी करा. गाडी २०१६ची, म्हणजे या मिश्रणाच्या आधीची असल्याने आणि इथेनॉलने जुने रबर खराब होऊ शकत असल्याने इंधनाचे रबरी पाइपही जरूर पाहून घ्या.

जुना फिटर:
मोटरसायकलचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. घर्षण कमी करणारे द्रव्य त्यात गेले, तर क्लच स्लिप होऊ लागतो आणि घाटात गाडी चढताना जोर मिळत नाही. जासो एमए किंवा एमए२ हा मोटरसायकलच्या तेलाचा जपानी दर्जा त्यासाठीच आहे. भावाला डब्यावर तो पाहूनच तेल घ्यायला सांगा आणि त्यात दुसरे काहीही मिसळू देऊ नका.

कृष्णाकाठ:
आपणा दोघांचे मनापासून आभार. ट्रीटमेंट नाकारते आहे. आज टायर तपासले, तेव्हा मागच्या दोन्ही चाकांत ३३ ऐवजी २५ पीएसआय हवा निघाली. एअर फिल्टर आणि प्लग शनिवारी पाहून घेईन, आणि दोन टाक्यांचे ॲव्हरेज मोजून झाले की येथे आकडे देईन.